एक नाव, दोन सातबारे

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील अनेक शिवारांत शंखी गोगलगायींनी नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनचे कोवळे शेंडे रातोरात फस्त केले आणि कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हापासून मृग तोंडावर आला की आपल्याकडे गोगलगायीविषयी वाचले जाते, विचारले जाते, मोबाईलवर शोधले जाते. या शोधात कधी ना कधी शास्त्रीय नावांशी गाठ पडते आणि जरा खोलात गेलेल्या वाचकाला एक प्रश्न पडतो. एका जिवाला जगभर एकच नाव असावे म्हणून ही जीभ वळवणारी लॅटिन नावे ठेवली असतील, तर तेच नाव दोन भलत्याच जिवांना लागलेले कसे सापडते?

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे ट्रायटोनिया पॅलिडा. दक्षिण आफ्रिकेत जमिनीखालच्या कंदातून उगवणाऱ्या, फिकट रंगाची फुले येणाऱ्या एका झाडाचे हे शास्त्रीय नाव आहे; आणि एका समुद्री गोगलगायीचेही, म्हणजे पाठीवर शंख नसलेल्या, समुद्राच्या तळाशी सरपटणाऱ्या एका मृदुकाय प्राण्याचेही, हेच नाव आहे. अक्षर न् अक्षर सारखे. मराठवाड्याला समुद्र नाही आणि हे फूलही आपल्या बाजारात दिसत नाही, तरीही हे कोडे आपल्याला सोडवता येण्यासारखे आहे, कारण त्याची किल्ली तलाठ्याच्या दप्तरात आहे.

शास्त्रीय नाव मुळात कशासाठी?

शंखपुष्पीचे उदाहरण घेऊ. शंखपुष्पी म्हणून कुणी जमिनीलगत पसरणारी पांढऱ्या-गुलाबी फुलांची वनस्पती दाखवतो, कुणी बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता दाखवतो, तर कुणी चक्क कुंपणावर चढणारी गोकर्णी. तिघेही आपापल्या परंपरेप्रमाणे बरोबर असतात. मात्र औषधाची चिठ्ठी एकाने लिहिली आणि वनस्पती दुसऱ्याने आणली, की अडचण होते. बोलीतले नाव माणसांच्या सवयीवर उभे असते आणि सवयी दर पन्नास कोसांवर बदलतात.

ही अडचण युरोपातही होती. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी वनस्पतींसाठी १७५३ मध्ये आणि प्राण्यांसाठी १७५८ मध्ये जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांपासून आजच्या नामकरणाची गणना सुरू होते. त्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक जिवाला दोन शब्दांचे नाव मिळते. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचा. दुसरा त्या गटातल्या नेमक्या जातीचा. उंबर म्हणजे फायकस रेसिमोसा, वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस आणि पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, तसेच हे आहे. फायकस हे आडनाव वाचले की वड, पिंपळ, उंबर ही भावंडे आहेत हे कळते, आणि पुढचा शब्द नेमके कोण ते सांगतो.

एकाच दप्तरात दोन नोंदी चालत नाहीत

एकच नाव दोघांना द्यायचे नाही, हा नियम नामकरणात आहे आणि तो कडक आहे. जो आधी नाव प्रसिद्ध करील त्याचे नाव टिकते. त्याच नावाने नंतर आलेल्याला ते सोडावे लागते.

बदकासारखी चोच असलेला, अंडी घालणारा ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस याचे ठळक उदाहरण आहे. १७९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा त्याच्या वंशाला प्लॅटिपस हेच नाव देण्यात आले होते. पुढे लक्षात आले, की लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या वंशाला हे नाव १७९३ मध्येच दिले गेले आहे. भुंगेरा सहा वर्षांनी ज्येष्ठ ठरला. त्यामुळे या जगावेगळ्या प्राण्याचा वंश आज शास्त्रात ऑर्निथोऱ्हिंकस या दाताखाली खडा आल्यासारख्या नावाने ओळखला जातो आणि प्लॅटिपस हे त्याचे केवळ बोलीतले नाव उरले आहे. नियम प्रसिद्धी पाहत नाही, तारीख पाहतो.

मग फुलाला आणि गोगलगायीला सवलत कशी?

सवलत नाही, दप्तरे दोन आहेत. आपल्या गावात गट क्रमांक १४२ एकच असतो. त्याच क्रमांकाची दुसरी जमीन त्याच गावात निघाली, तर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांची झोप उडेल. पण शेजारच्या गावातही गट क्रमांक १४२ असतोच, त्याच्या पलीकडच्या गावातही असतो, आणि त्यावरून कुणी भांडत नाही. गट क्रमांक हा गावापुरता एकमेव असतो, म्हणूनच सातबाऱ्यावर क्रमांकासोबत गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो.

नामकरणशास्त्रात अशी गावे म्हणजे नियमावल्या. प्राण्यांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, वनस्पती, शैवाल आणि बुरशी यांच्यासाठी दुसरी, जिवाणूंसाठी तिसरी. पहिल्या दोन एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. प्राण्यांच्या दप्तरात ट्रायटोनिया हा शब्द नोंदलेला असला, तरी वनस्पतींच्या दप्तरात तो रिकामाच मानला जातो, आणि उलटही तसेच. दोन वेगळ्या नियमावल्यांखाली वैध असलेल्या अशा सारख्या नावांना अर्धसमनाम म्हणता येईल. हा शब्द एकदा सांगून ठेवतो आणि पुढे साध्या भाषेत ‘दुहेरी नाव’ असेच म्हणतो.

आपल्याकडे दुहेरी नावांचा अनुभव नवा नाही. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही. आष्टी बीड जिल्ह्यात आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. जिल्ह्याच्या आत कारभार सुरळीत चालतो. पाकिटावर जिल्हा लिहायला विसरले, की मात्र पत्र विदर्भाची यात्रा करून येते.

ट्रायटनची दोन रूपे

आता हे विशिष्ट नाव दोन्हीकडे कसे पोहोचले ते पाहू, कारण यात कुणी कुणाची नक्कल केलेली नाही.

ग्रीक पुराणात ट्रायटन हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा आहे. कमरेखाली माशासारखा देह आणि हातात शंख, असे त्याचे रूप. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शंखविरहित समुद्री गोगलगायींच्या एका वंशाला ट्रायटोनिया हे नाव दिले. समुद्रातल्या जिवाला समुद्रदेवाचे नाव, यात नवल काहीच नाही. या वंशातल्या गोगलगायी मऊ प्रवाळ खाऊन जगतात. त्यांच्या पाठीच्या दोन्ही कडांना फांद्या फुटल्यासारखे कल्ल्यांचे झुबके असतात, आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरची यातली एक जाती वीतभर लांब होते. सोयाबीनवरच्या गोगलगायीची ही दूरची नातलग. दोघीही मृदुकाय, दोघीही पोटावर सरपटणाऱ्या. फरक असा, की हिने वाढता वाढता शंख टाकून दिला आहे.

पुढे १८०२ मध्ये जॉन गॉलर नावाच्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने ग्लॅडिओलसच्या नात्यातल्या काही आफ्रिकी फुलांसाठी ट्रायटोनिया हा वंश उभा केला. केशराचे फूलही याच कुळातले. गॉलर यांच्या डोळ्यांसमोर समुद्र नव्हता, वाऱ्याची दिशा दाखवणारे यंत्र होते. अथेन्समध्ये वाऱ्याचा मनोरा म्हणून ओळखली जाणारी एक प्राचीन इमारत आहे. तिच्या शिखरावर वाऱ्याबरोबर फिरणारी ट्रायटनची काशाची मूर्ती होती, असे प्राचीन रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस यांनी नोंदवले आहे, आणि त्यावरून ट्रायटन म्हणजे वातकुक्कुट असाही अर्थ घेतला गेला. या वंशातल्या वेगवेगळ्या जातींत फुलातील पुंकेसरांची दिशा वेगवेगळी असते म्हणून गॉलर यांना हा शब्द सुचला. एकच देव एका वाटेने समुद्रात उतरला आणि दुसऱ्या वाटेने छपरावर चढून फुलात आला.

गॉलर यांच्याविषयी जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, फुलांना नावे देणाऱ्या या गृहस्थांनी १८०४ मध्ये स्वतःचेच नाव राजाच्या संमतीने बदलून घेतले. वनस्पतीशास्त्रात त्यांचा उल्लेख आता केर गॉलर असा, जुने आणि नवे नाव एकत्र जोडून केला जातो.

नावाच्या दुसऱ्या शब्दाची कथा फार छोटी आहे. लॅटिनमध्ये पॅलिडा म्हणजे फिकट. आपल्याकडे पांढऱ्या बैलाला ढवळ्या म्हणतात, आणि परळीच्या ढवळ्याचा औशाच्या ढवळ्याशी काही संबंध असावा लागत नाही. दोघेही पांढरे आहेत एवढेच पुरे. केर गॉलर यांनी आपल्या वंशातल्या एका फिकट फुलाला पॅलिडा म्हटले. १८५५ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम स्टिम्पसन यांनी ट्रायटोनिया वंशातल्या एका गोगलगायीला तेच म्हटले. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. नावाचा पहिला अर्धा भाग आधी प्राण्याला मिळाला होता, पण पूर्ण नाव आधी फुलाला मिळाले. आता हे नाव खरे कुणाचे, असा वाद घालायचा म्हटला तरी कोणती तारीख धरायची, इथूनच भांडण सुरू होईल.

स्टिम्पसन यांच्या नावनोंदणीला एक दुःखद शेवट आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेले समुद्री प्राण्यांचे नमुने आणि हस्तलिखिते शिकागोच्या संग्रहात होती, आणि १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या शहराला लागलेल्या प्रचंड आगीत ती जळून गेली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शास्त्रीय नाव हे मुळात एखाद्या जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेले असते. नमुना गेला की नाव शाबूत राहते, पण ते नेमके कुणाचे हे पुन्हा तपासणे फार कठीण होते.

असे किती वेळा घडते?

वंशाचे नाव दोन दप्तरांत सापडणे ही गोष्ट मुळीच दुर्मिळ नाही. अशा दुहेरी वंशनावांची संख्या हजाराच्या पुढे जाते, आणि त्यांतली काही आपल्या बांधावर रोज भेटतात.

जालना आणि बीडकडे रेशीम उद्योग रुजल्यापासून तुतीच्या बागा वाढल्या आहेत. तुतीचा वंश मोरस. समुद्रकाठच्या कड्यांवर राहणाऱ्या, समुद्रात सूर मारून मासे पकडणाऱ्या गॅनेट पक्ष्यांचा वंशही मोरसच. तुतीचे नाव लॅटिनमधल्या तुतीवरून आले आणि पक्ष्याचे ग्रीकमधल्या ‘मूर्ख’ या अर्थाच्या शब्दावरून, कारण तो माणसाला घाबरत नसे. गांडूळखताच्या खड्ड्यात सोडले जाणारे तांबडे गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा, आणि प्रशांत महासागरात आयसेनिया नावाचे तपकिरी समुद्रशैवालही आहे.

सर्वांत गमतीचे उदाहरण कापसाच्या रानातले आहे. २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या वाणांमुळे ‘बीटी’ ही दोन अक्षरे मराठवाड्यात घरोघर पोहोचली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, ज्याचे बोंडअळीला मारक ठरणारे जनुक कापसात घातले गेले तो जिवाणू. बॅसिलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी काडी; सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू काडीसारखा दिसतो. पण हा शब्द त्याआधीच, १८२५ मध्ये, हुबेहूब काडीसारख्या दिसणाऱ्या एका किड्याच्या वंशाला दिला गेला होता. जिवाणूला तो मिळाला १८७२ मध्ये. म्हणजे किडा मारणाऱ्या जिवाणूचे आडनाव एका किड्याचेच आहे.

दोन्ही शब्द जुळणे मात्र विरळाच. फायकस व्हेरिगेटा हे वड-उंबराच्या वंशातल्या एका झाडाचे नाव आहे आणि अंजिराच्या आकाराचा शंख असलेल्या एका समुद्री गोगलगायीचेही. तिथे निदान आकाराचे कारण तरी आहे. अगॅथिस मोंटाना या नावाने एक सूचिपर्णी वृक्ष ओळखला जातो आणि एक गांधीलमाशीवर्गीय कीटकही. पूर्ण नाव जुळलेल्या जोड्या दुहेरी वंशनावांच्या तुलनेत अगदीच थोड्या आहेत, आणि ट्रायटोनिया पॅलिडा ही त्यांतली एक.

‘ही तर चूकच आहे, दुरुस्त का करत नाहीत?’

हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण खुद्द लिनियस यांचे मत असेच होते. प्राणिशास्त्रात आधीच वापरात असलेला शब्द वनस्पतीशास्त्रज्ञांनी नंतर उचलला असेल, तर तो परत करावा, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्या पिढ्यांनी हा सल्ला नियमात आणला नाही. १८४२ मध्ये प्राण्यांच्या नावांसाठी ब्रिटनमध्ये नियम तयार झाले आणि १८६७ मध्ये वनस्पतींसाठी पॅरिसमध्ये. दोन्ही शाखांतली माणसे, नियतकालिके आणि सवयी तोवर वेगळ्या झाल्या होत्या. इंटरनेट नसलेल्या त्या काळात फुलाचे नाव ठेवणाऱ्याने जगभरातल्या गोगलगायींच्या याद्याही चाळाव्यात, ही अपेक्षा पाळण्याजोगी नव्हती.

आता तरी सर्व जिवांसाठी एकच नियमावली करावी, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९९० च्या दशकात अशा एकत्रित नियमावलीचे मसुदे तयार झाले, त्यांवर चर्चा झाली, पण ते स्वीकारले गेले नाहीत. माझ्या मते यात शास्त्रज्ञांचा हटवादीपणा थोडा आणि व्यवहार जास्त आहे. जुनी नावे लाखो निबंधांत, नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर, कायद्यांच्या अनुसूचींत आणि बियाण्यांच्या पाकिटांवर छापलेली आहेत. गॅनेट पक्ष्यांसाठी तुतीचे नाव बदलायचे ठरवले, तर त्या एका बदलातून जितका घोळ होईल, तितका दुहेरी नावाने आजवर केलेला नाही. पुढची टक्कर टाळणे मात्र शक्य आहे. नवा वंश नोंदवताना दुसऱ्या दप्तरातही डोकावून पाहावे, असा सल्ला आता दिला जातो, आणि जिवाणूंच्या नियमावलीने नव्या नावांसाठी हा सल्ला नियमाच्या पातळीवर नेला आहे.

‘मग गोंधळ होत नाही का?’

माणसांचा सहसा होत नाही. फुलांच्या पुस्तकात ट्रायटोनिया आले तर ते फूल, प्रवाळांवरच्या निबंधात आले तर ती गोगलगाय. संदर्भ जिल्ह्याचे काम करतो.

गोंधळ होतो तो यंत्राचा. संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. जगभरातल्या जीवनोंदी एकत्र करणाऱ्या माहितीसाठ्यात केवळ नावावरून जुळवणी केली, तर दक्षिण आफ्रिकेच्या नकाशावर गोगलगायीची नोंद एखाद्या टेकडीवर आणि फुलाची नोंद समुद्रात दिसू शकते. म्हणून मोठ्या माहितीसाठ्यांत प्रत्येक जिवाला नावाखेरीज एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो. आधार क्रमांकाने एकाच नावाची दोन माणसे वेगळी राहतात, तसेच हे आहे. एका प्रसिद्ध जनुकीय माहितीसाठ्यात तर बॅसिलस या नावापुढे हा जिवाणू की काडीकिडा, हे वेगळे लिहूनच ठेवलेले आहे.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

फुलाचा आणि समुद्री गोगलगायीचा संबंध थोडाच. पण अर्धवट नावाने होणारा घोटाळा आपल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरही होतो. ‘ट्रायको द्या’ असे म्हणणारा ग्राहक दोनपैकी एक वस्तू मागत असतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. हरभरा आणि तूर यांच्यावरील मर रोगाला आळा बसावा म्हणून ती पेरणीआधी बियाण्याला चोळतात. ट्रायकोग्रामा हा टाचणीच्या टोकाएवढा कीटक आहे. तो बोंडअळीसारख्या किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो आणि त्याची कार्डे पिकाच्या पानांना टाचून लावतात. ट्रायको म्हणजे ग्रीकमध्ये केस, आणि केसांसारखे काहीतरी बुरशीतही दिसते, किड्याच्या पंखावरही दिसते. पूर्ण नावे वेगळी असूनही आपण तोंडी वापरात ती तोडतो आणि दुहेरी नाव स्वतःच तयार करतो. दोन्ही वस्तू एकाच दिवशी आणल्या आणि उन्हात गाडीवर ठेवल्या तर दोन्ही वाया जातात, हा भाग वेगळा.

पूर्ण पत्ता कसा लिहितात?

शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत आहे, आणि सातबाऱ्यावरच्या गावासारखे काम तीच करते. फुलाचे पूर्ण नाव ‘ट्रायटोनिया पॅलिडा केर गॉलर’ असे लिहितात. गोगलगायीचे ‘ट्रायटोनिया पॅलिडा स्टिम्पसन, १८५५’ असे. वनस्पतीशास्त्रात नाव देणाऱ्यापुढे वर्ष लिहिण्याची सवय नाही, प्राणिशास्त्रात स्वल्पविराम देऊन वर्ष लिहितात. त्यामुळे सरावलेला वाचक माणसांची नावे न ओळखताही एका स्वल्पविरामावरून फूल कोणते आणि गोगलगाय कोणती ते सांगतो.

प्राण्याच्या नावात कधी कधी देणाऱ्याचे नाव कंसात दिसते. त्याचा अर्थ, ही जाती नंतर दुसऱ्या वंशात हलवली गेली. आपण उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावरही काही काळ पत्त्यात दोन्ही नावे लिहीत होतो, तशी ती खूण असते. सोयाबीन खाणाऱ्या आफ्रिकी शंखी गोगलगायीच्या नावापुढेही असा कंस आता येतो, कारण अकॅटिना फ्युलिका म्हणून ओळखली जाणारी ही गोगलगाय आज लिसाकॅटिना या वंशात गणली जाते. कृषी विभागाच्या जुन्या पत्रकात पहिले नाव आणि नव्या निबंधात दुसरे नाव दिसले, तर गोगलगाय एकच आहे असे समजावे. उपायही तोच, संध्याकाळी बांधाकडेने ओली पोती पसरून ठेवायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या.